ड्रॅगन बाहेर बसवले आणि फायनल जिंकले

मंडळी, जिंकले! सीपरी बाजारातल्या आमच्या कार्डांच्या दुकानात आज मी स्पर्धेच्या फायनलमध्ये इथल्या जुन्या खेळाडूला, विवेकभैयाला हरवलं. आजवर एकदाही जमलं नव्हतं.

झाशीत ड्रॅगन-सैनिकांच्या लढाईचा हा कार्डांचा खेळ खेळणारे आम्ही मूठभर. त्यामुळे कोणाच्या डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गड्डीत काय आहे, हे सगळ्यांना पाठ. माझा डेक ड्रॅगनच्या कार्डांनी भरलेला, म्हणून मी ‘ड्रॅगनवाली दीदी’.

पहिला डाव मी घेतला. प्रत्येक डावानंतर साइडबोर्डमधली, म्हणजे बाजूला ठेवलेली कार्डं डेकमध्ये बदलून घेता येतात. भैयाने ड्रॅगन मारणारी कार्डं भरली आणि दुसऱ्या डावात माझा एकेक ड्रॅगन उतरल्या उतरल्या गारद केला. एक-एक बरोबरी.

मग मी काय केलं? सगळे ड्रॅगन काढून टाकले. हो, सगळे! त्यांच्या जागी साइडबोर्डमधले साधे, स्वस्तातले सैनिक घातले.

तिसऱ्या डावात सैनिक भराभर उतरले आणि मारत सुटले. भैया ड्रॅगन मारायची, सैनिकांवर न चालणारी कार्डं हातात धरून वाट बघत बसला. शेवटी हात टेकत त्याने विचारलं,

“दीदी, ड्रॅगन कब आएँगे?”

“आज उनकी छुट्टी है, भैया.”

अख्खं दुकान हसलं. भैयासुद्धा!

येताना ऑटोत बसून एकटीच हसत होते. भैयाने तयारी ड्रॅगनची केली होती, आणि समोर मी बसले होते.

तुमचं कोणतं कार्ड लोकांनी पाठ करून ठेवलंय? एकदा ते बाहेर बसवून खेळाल का?