लुगड्याचं दुसरं टोक

माझी बायको आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या हिरव्या लुगड्याची घडी, आणि त्यातही तिचा धाकटा भाऊ कडमडलाच. नऊवार लुगडं, एकट्याच्याने घडी होत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. हा ओट्यावर चहा पीत बसलेला, तिथून ओरडतोय, "बाय, पदर खाली लागतोय! पाय अडकंल, पडशील!" ती पडली नाही. चालत माझ्याजवळ आली, माझ्या हातातली टोकं घेतली आणि म्हणाली, "सोडा आता." दुसऱ्या दिवशी उठलीच नाही. जगातल्या सगळ्या गोष्टींना भिणारा तिचा भाऊ, पण ह्याची भीती त्यालाही कधी वाटली नव्हती.

माझ्या ह्या मेहुण्यासारखा भित्रा माणूस उरणपासून कर्जतपर्यंत दुसरा सापडायचा नाही. नवीन पनवेलला चौथ्या मजल्यावर राहतो, पण लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. कुकरची दुसरी शिट्टी झाली की जिन्यात जाऊन उभा राहतो आणि तिसरी झाली की तिथूनच बायकोला विचारतो, "हायस ना गं?" पाला ही बारीक काट्यांची मच्छी खायला बसला की आधी भाताचा सुका गोळा वळून ठेवतो, काटा अडकला तर गिळायला. जेवण संपेपर्यंत लक्ष त्या गोळ्यावर. मच्छीची चव कशी असते ते त्याला विचारू नका. एकदा मुंबईला लग्नाला निघाला, तर उरणच्या मोरा धक्क्यावर लाँच चालवणाऱ्या तांडेलाला म्हणतो, "पवता येतं का तुला?" तांडेल म्हणाला, "मला येतं, तुमचं तुमी बघा." हा तसाच परत फिरला आणि रस्त्याने गेला. पोचला तेव्हा मांडव सोडत होते.

बायको गेली आणि ह्याची सगळी भीती माझ्यावर येऊन बसली. घरात करमायचं नाही म्हणून मी परसातल्या विहिरीच्या काठावर बसायचो. एक दिवस बघतो तर विहिरीवर लोखंडी जाळी.

"कुणी सांगितलं तुला?"

"पोरंबाळं पडतात, दाजी."

"घरात एक तरी पोर हाय का?"

तो जाळी हलवून घट्ट बसलीय ना ते बघायला लागला. त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं. आणि ते अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

मग त्याच्या हापिसाला तीन दिवसांची जोडून सुट्टी आली. म्हणाला, हवापालट करू, माथेरानला तळ्याजवळ राहू. आता घाटातल्या टॅक्सीला हा भितो, डोंगरातल्या छोट्या गाडीला त्याहून जास्त. उरली पायवाट. टॅक्सीत बसायच्या भीतीने हा माणूस पायथ्याच्या धोदाणी गावातून अख्खा डोंगर चढायला तयार झाला! पिशवीत तीन बॅटऱ्या, शिट्टी, भर थंडीत छत्री. प्रत्येक खिशात आधार कार्डाची झेरॉक्स.

"एवढ्या कशाला रं?"

"कुठला भाग सापडंल, सांगता येतं का?"

अर्ध्या वाटेवर एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशी जागा आली. तिथे त्याने पिशवीतून हिरवं लुगडं काढलं. तेच. तिचे कपडे वाटले तेव्हा ह्याने ते मागून नेलं होतं. मला वाटलं, गोधडी शिवेल.

"दोर नाय आणलास?"

"दोराचा भरवसा नाय."

एक टोक माझ्या कमरेला, एक त्याच्या. मागून कॉलेजची पोरं आली. "काका, लग्न वर लागणार का?" मी म्हटलं, "लागलं कधीच. नवरी भित्री निघाली."

थोडं वर जाऊन मी थांबलो. खाली गाढेश्वर धरणाचं पाणी चमकत होतं. बघत राहिलो. जास्तच वेळ बघितलं असेल. लुगडं ताणलं गेलं.

"दाजी, बोला कायतरी."

"काय बोलू?"

"शिव्या घाला. पण बोला."

वळून बघतो तर हा गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, मनगटाला लुगड्याचा वेढा. ना वर, ना खाली. "माझे पाय गेले, दाजी. सोडू नका."

"मग आलास कशाला इथं मरायला, गाढवा?"

"तुमी मरू नये म्हणून."

मी कातळाला पाय लावला आणि त्याला ओढत वर घेतला. दर पावलाला हा विचारतोय, "धरलंय ना?" आणि मी शिव्या घालत सांगतोय, धरलंय. लुगडं जुनं. आता फाटतंय, मग फाटतंय, आणि पलीकडे तिचा भाऊ. वर पोचलो तरी मी लुगडं मुठीतून सोडलं नाही. ती गेल्यापासून मला कशाचीच भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

लॉजवर हा पंख्याच्या भीतीने खाटेवर झोपला नाही, दाराला पाठ लावून झोपला. निदान मला तरी त्याने पंख्याचंच कारण सांगितलं. झोपण्याआधी लुगड्याची तांबडी माती धुऊन ते गॅलरीत वाळत घातलं होतं.

सकाळी ते मीच काढलं आणि त्याला हाक मारली, "ये, टोक धर." तो मागे मागे सरकत निघाला, आणि माझ्या तोंडून निघालं, "अरं, पदर खाली लागतोय! पाय अडकंल, पडशील!"

हसला नाही. जवळ आला, माझ्या हातातली टोकं घ्यायला हात पुढे केला आणि तिथेच थांबला. मग स्वतःचीच टोकं माझ्याकडे धरली. "तुमी घ्या."

मी घेतली. घडी नीट दाबून माझ्या पिशवीत ठेवली आणि त्याला म्हटलं, "राहू दे माझ्याजवळ. उतरताना लागंल."