नंदूचं औषध

“ताई, म्या औषध घेतलं.”

फोनवर माझा धाकटा भाऊ नंदू एवढंच बोलला.

आमच्या वाशिमकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही. आमच्याकडे औषध म्हणजे आधी कपाशीवर फवारायचं विष. “अमक्यानं औषध घेतलं” म्हटलं की ऐकणारी बाई आधी मटकन खाली बसते, मग विचारते, कोणी?

मीही बसले. स्वयंपाकघरात, ओट्याला धरून.

“कोणतं औषध? नंदू? बोल ना रे!”

तो हसला. “अवं, डॉक्टरचं! गोळी हाय, गोळी. तूच तं म्हटलं होतं, घेतली की सांग म्हणून. काहून रडून राह्यली?”

आज नंदूला जाऊन एक वर्ष झालं.

हे वाचणाऱ्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणींनी त्याला पाहिलेलं नाही. मी अकोल्याला नन्सच्या होस्टेलवर होते, तो कामरगावला आईजवळ. सुट्टीत घरी गेले की हा माझी इंग्लिश प्रेयर पाठ करायचा आणि गोठ्यातल्या म्हशीला म्हणून दाखवायचा. म्हैस कान हलवायची.

“पाह्य, आमेन म्हणून राह्यली!”

मोठा झाल्यावर त्याने मंडप आणि साउंडचं दुकान टाकलं. आसपासच्या गावांतल्या लग्नांत माईकवर तोच. “हॅलो, हॅलो, नवरदेवाच्या मामांनी लवकर मांडवात यावं, मामी आधीच येऊन बसल्या हायेत!” सगळा मांडव हसायचा.

असा माणूस आतून घाबरलेला असेल, हे कोणाच्या डोक्यात येणार?

धनजच्या एका लग्नात माईक हातात असतानाच त्याचा श्वास अडकला. छातीत धडधड, घशाला कोरड, हात थंडगार. त्याला वाटलं, मेलो.

दवाखान्यात ईसीजी काढला. नॉर्मल. “काही नाही, टेन्शन घेऊ नका.”

“काही नाही म्हणते डॉक्टर,” मला म्हणाला. “काही नाही तं मंग हे होऊन काय राह्यलं?”

पुढच्या लग्नात तसंच झालं. मंडपामागे कोणीतरी त्याच्या हातात प्लास्टिकचा ग्लास दिला. “औषध समजून घे.”

घेतलं. धडधड थांबली.

“जादू झाली, ताई. इतकं बरं वाटलं!”

तेव्हापासून दारूचं घरातलं नाव औषध. “सुनीता, मी औषध घेऊन येतो,” असं बायकोला सांगून निघायचा. आम्ही सगळे हसायचो. तो मात्र खरंच औषध म्हणून घेत होता.

पुढे पुढे हसू सरलं.

“संध्याकाळी त्या भीतीले हाकलतो,” म्हणायचा, “तं सकाळी आपल्या बहिणीले घेऊन येते.”

भीतीची ती बहीण मी पाहिली आहे. शटर बंद. स्पीकरच्या डब्यांवर धूळ. नंदू भिंतीकडे तोंड करून पडलेला. आंघोळ नाही, बोलणं नाही. समोर बसलेल्या मला तो दिसत होता, पण सापडत नव्हता. तेवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

गावाने एकच शब्द दिला. बेवडा.

“पेते म्हणून घाबरते म्हणतात. अरे, घाबरतो म्हणून पेतो ना!” एकदाच ओरडला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

शेवटी अकोल्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंनी त्याला विचारलं, “आधी काय आलं? भीती की दारू?”

नंदू ढसाढसा रडला. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

दारू एकदम सोडायची नाही, त्यात जिवाला धोका असतो, म्हणून ॲडमिट करून सोडवली. घरी आल्यावर पहिली गोळी घेतली, आणि तो वर सांगितलेला फोन केला. त्यानंतर रोज सकाळी व्हॉट्सॲपवर दोनच शब्द. औषध घेतलं.

शटर उघडलं. माईकवर पुन्हा मामांना बोलावणी सुरू झाली.

पण लिव्हर आधीच गेलं होतं. गेला तेव्हा शुद्धीत होता, आणि प्यायलेला नव्हता. हे मला लिहून ठेवायचं आहे.

आज लिहायचं कारण मात्र वेगळं आहे.

मागच्या आठवड्यात त्याच्या मुलीचा, गौरीचा फोन आला. कारंज्याला कॉलेजात आहे.

“आत्या, पेपरच्या आधी लय धडधडलं. रूममेटच्या आजीची झोपेची गोळी होती, ती घेतली. इतकं बरं वाटलं!”

तेच शब्द. तोच सूर.

“एकच घेतली ना गं?”

तिने पटकन फोन ठेवला.

सुनीताला सांगितलं तर म्हणाली, “ताई, पोरीले वेड्याच्या डॉक्टरकडं नेलं असं गावात समजलं तं सोयरीक कोण आनीन?”

“आणि नाही नेलं तर?”

तिने नंदूच्या फोटोकडे पाहिलं. मग उठून पिशवी भरायला लागली.

हे सगळं मी त्याच डॉक्टर बाईंच्या दवाखान्यात, बाकावर बसून लिहितेय. शेजारी सुनीता आहे. तिने माझा हात इतका घट्ट धरलाय की एका हाताने टाइप करतेय.

सकाळी बसमध्ये गौरीने विचारलं, “आत्या, मले बाबासारखं होईन का?”

मी तिला जवळ घेतलं, तर तिची धडधड माझ्या हाताला लागली.

आता ती आत गेली आहे. दार बंद आहे. काहीच ऐकू येत नाही.

मी फार घाबरले आहे, नंदू.

पण पोरगी घाबरल्यावर लवकरच इथे आली आहे. तुला इथवर यायला फार वर्षं लागली रे.

तू आता शांत झोप, बाबू. सकाळचा मेसेज मी तिच्याकडून घेईन.

तुझी ताई