शंकरपाळी टायर

आता काय सांगू तुम्हाला, आपले कान शाबूत आहेत याचाही माणसाला गर्व नसावा! चहा घ्या आधी. हे ऐकून झाल्यावर तुम्ही मला इंजिनिअर म्हणाल की नाही, शंकाच आहे.

साठ-एकसष्ट सालातली गोष्ट. मी जर्मनीत स्टुटगार्टला टेक्निशे होखशूलेत, म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात, पीएच.डी. करत होतो. लग्नाची हळद उतरायच्या आत विमानात बसलेलो. कुसुम पुण्यात, आणि मी तिथे हेर, म्हणजे श्रीयुत, विडमान नावाच्या दूधवाल्याच्या घरात, छपराखालच्या खोलीत. खोली अशी की सरळ उभं राहिलं की डोकं आपटायचं! बायकोला आणून ठेवणार कुठे? मोठी जागा मिळाल्याशिवाय ती येऊ शकत नव्हती, आणि परदेशी जोडप्याला जागा द्यायला कोणी तयार नव्हतं.

एका संध्याकाळी हेर विडमान वर आले.

"हेर डॉक्टर, आमच्या ट्रकला नवे टायर हवेत. तुम्ही निवडा."

डॉक्टरेटचा ‘ड’सुद्धा लिहून झाला नव्हता हो! पण हाक इतकी गोड लागायची की मी कधी सुधारली नाही.

"अहो, मी पुलांवर काम करतो. टायरांतलं मला काय कळतं?"

"पुलावरून ट्रक जातात ना?"

"जातात."

"गेनाऊ! बरोबर! मग तुम्हाला कळायलाच हवं."

भानगड अशी होती. आमची गल्ली चढाची, दगडी फरसबंदीची. ट्रकचे जुने टायर बर्फात घसरायचे आणि एरवी पहाटे असे रडायचे की समोरचे निवृत्त जज्जसाहेब तक्रार घेऊन दारात हजर. टायर गप्प झाले नाहीत तर ट्रक गल्लीतून हाकलीन, असा त्यांनी दम भरला होता. आणि आवाज हेर विडमानना ऐकूच यायचा नाही! वर्षानुवर्षं डिझेल इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान गेलेले.

"बर्फात चढणारे आणि आवाज न करणारे टायर शोधा," ते म्हणाले, "पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या तुमच्या. फ्राऊ डॉक्टरना बोलवा!"

फ्राऊ डॉक्टर, म्हणजे डॉक्टरीणबाई! कुसुम दोन खोल्यांतून फिरतेय असं मला तिथल्या तिथे दिसायला लागलं. मी पुलांना रजा दिली.

टायरवाल्यानं दोन प्रकार आळीपाळीनं चढवून बघायला दिले. पहिल्याच्या रेघा बारीक, शेवेसारख्या. दुसऱ्यावर हे मोठाले चौकोन, शंकरपाळ्यांसारखे. माझी पद्धत पूर्ण शास्त्रीय! गल्लीच्या माथ्यावरून इंजिन बंद करून ट्रक नुसता सोडायचा, आणि मी कानटोपी एका कानावरून वर करून, कमरेत वाकून चाकाशेजारी पळायचं. अख्खी गल्ली खिडकीत.

पहिल्या दिवशी शेववाले. हलका ‘गुंईं’ असा आवाज आला. मी नाक मुरडलं.

रात्री बर्फ पडला. आयुष्यात पहिल्यांदा पाहिला हो मी! सकाळी शंकरपाळीवाले टायर चढवले, ट्रक सोडला, मी पळायला लागलो… आणि काय सांगू! शांतता! कणभर आवाज नाही! मांजर चालावं तसा तो ट्रक चालला होता. मी आनंदात घसरलो आणि खाली ट्रकच्या आधी पोहोचलो, बसल्या बसल्या. वर जाताना तो ट्रक चढही असा चढला की बघत राहावं.

"हेच!" मी बर्फातूनच ओरडलो. "हेच घ्या!"

फ्राऊ विडमाननी मला उठवताना एवढंच विचारलं, "हेर डॉक्टर, कोरड्या रस्त्यावरही बघायचं का एकदा?"

"थिअरीत बघितलंय," मी कपडे झटकत म्हणालो.

असं एकदा म्हटल्यावर जर्मन माणूस गप्प बसतो. मी त्याचाच फायदा घेतला.

त्या वर्षी बर्फ हटायलाच तयार नव्हता. पहाटे ट्रक जायचा, कुणाला पत्ता नाही! जज्जसाहेबांनी मला टोपी काढून नमस्कार केला. बेकरीवाल्यानं तेच टायर बसवले. मग कोळशेवाल्यानं. दोघांनी आधी मला येऊन विचारलं, आणि मी चष्मा पुसत पुसत सल्ला दिला. कुसुमला कळवून टाकलं, खोल्या मिळाल्या, ये!

आणि मार्चमध्ये बर्फ वितळला.

पहाटे मी ताडकन उठून बसलो. घर्रर्रर्र! मला वाटलं विमान कोसळतंय. खिडकीतून बघतो तर हेर विडमानचा ट्रक! मागे बेकरीवाला! त्याच्या मागे कोळशेवाला! फरसबंदीवरून शंकरपाळी नाचत चाललेली आणि कपाटातल्या बश्या त्यांना साथ देतायत. अरे गाढवा, बर्फावर काहीही चालवलं तरी आवाज येत नाही! बैलगाडी चालवली असतीस तरी आला नसता! हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असणार. पुण्याच्या माणसाला कोण सांगणार?

जज्जसाहेब नाइट कॅप घालून रस्त्यात उभे. "हे टायर कुणी निवडले?"

हेर विडमाननी अभिमानानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या हेर डॉक्टरांनी! काय पकड आहे! आणि आवाज तर अजिबात नाही!"

जमीन दुभंगली असती तर मी आभार मानून आत गेलो असतो.

टायर बदलायचं नाव कुणी काढेना. तिकडचा माणूस नवी वस्तू झिजल्याशिवाय टाकत नाही. शेवटी तोड निघाली: तिन्ही ट्रक जज्जसाहेबांची बाजू सोडून आमच्या बाजूनं जातील, पहिल्या मजल्याच्या खिडकीखालून. हेर विडमान शब्दाचे पक्के. खोल्या त्यांनी मला दिल्याच.

कुसुम आली. खोल्या बघून हरखली. पडदे लावले, देव मांडले. पहिल्याच पहाटे माझा दंड धरून किंचाळली, "अहो! उठा! भूकंप!"

"भूकंप नाही गं. दूध चाललंय."

बेकरी गेली. कोळसा गेला. बश्या थांबल्या. कुसुम कपाळाला हात लावून बसली होती.

"कुठल्या शहाण्यानं निवडले हो हे टायर? त्या मेल्याला इथेच आणून झोपवायला हवं!"

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

"झोपवलंय," मी आतून म्हणालो.