महाराजांनी बांधलेली तालीम
वडिलांच्या जुन्या टॉवेलला अजून तालमीतल्या मातीचा, त्यात मुरलेल्या ताक-हळदीचा वास येतो. नव्वदच्या दशकात एम.ए.ला मी आफ्रिकेतल्या स्वातंत्र्यनेत्यांच्या भाषणांवर लघुप्रबंध लिहिला होता. एका नेत्याने नव्या देशाला प्राचीन साम्राज्याचं नाव देऊन लोकांना त्याचे वारस ठरवलं होतं. ते साम्राज्य खरं तर तिथून शेकडो कोस दूर होतं. मग लोकांनी ते का मानलं, हे परीक्षक विचारणारच होते. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तालमीच्या दारात उभी राहून मी वडिलांना हे सांगितलं. माती उकरता उकरता ते म्हणाले, "आमची तालीमबी महाराजांनी बांधली म्हणतोय की आम्ही. सिमेंटची पोती म्या सोता वाहिलीत!" "मग पोरांना खोटं का सांगता?" "अगं, सिमेंटचं सांगितलं तर पोरगं लगीच पाठ टेकंल की! महाराजांच्या मातीत पाठ टेकायची लाज वाटती." आखाड्यातले सगळे हसले. परीक्षेत मी हेच सांगितलं, तेव्हा परीक्षकही हसले आणि मी पास झाले. परवा वडिलांच्या दिवसकार्याला आलेला एक म्हातारा पैलवान सगळ्यांना सांगत होता, "हिच्या बानं पंजाबचा मल्ल एका डावात चीत केलता." ती कुस्ती बरोबरीत सुटल्याचं वडिलांनीच मला सांगितलं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "व्हय, आणि तेबी अर्ध्या मिनटात."