वाऱ्यापुढे बोडिलची सुई

आमच्या पश्चिम किनाऱ्यावरचा वारा कुणाची भीडभाड ठेवत नाही. झाडं तो पूर्वेकडे वाकवून ठेवतो, आणि चर्चच्या टेकडीवर तर माणसाच्या तोंडातला शब्दही पळवतो. डेन्मार्कमधल्या जटलंडच्या या टोकाला बोडिल क्रॉगने एकोणतीस वर्षं त्या वाऱ्याशी झुंज देत बायकांचे केस बांधले. तिचं हत्यार एकच, स्प्रेचा डबा.

त्याच डब्यांनी आणि केस रंगवायच्या नळ्यांनी तिचे हात खाल्ले. आधी खाज आली, मग बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. बटाटा सोलायचा म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येई. त्वचेच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "रंग आणि सुगंध, दोन्ही तुला सोसत नाहीत. सामान बदल, नाहीतर धंदा बदल."

धंदा बदलायचा म्हणजे बंदरावर मासे कापायला जायचं. बोडिलने सामान बदललं. जानेवारीत सगळे डबे, नळ्या, बाटल्या तिने घातक कचऱ्यात नेऊन दिल्या. फळीवर उरला बिनवासाचा साबण, सफरचंदाचं व्हिनेगर आणि जवसाची पिशवी.

बेकरीवाली थीरा दर सहा आठवड्यांनी केस कोळशासारखे काळे करून घ्यायची. ती दारातूनच म्हणाली, "अगं बाई, इथे वासच नाही कसला! दुकान आहे की प्रार्थनेची खोली?"

"वास हवा असला तर तुझ्या बेकरीत येईन की."

"ये, ये. मी मात्र आता रंगवायला शहरात जाणार."

तिच्यामागे आणखी नऊजणी गेल्या. बोडिलने मनाशी ठरवलं, मे महिन्यापर्यंत बघायचं. तेव्हाही जमलं नाही तर दाराला कुलूप.

मे महिन्यात आमच्याकडे चौदा वर्षांच्या पोरींचं कन्फर्मेशन असतं, म्हणजे आपली श्रद्धा चर्चमध्ये स्वतःच्या तोंडाने सांगायचा विधी. पांढऱ्या कपड्यांत त्या चर्चमध्ये उभ्या राहतात आणि सारं गाव त्यांचे केस बघतं. यंदा पोरी सहा. पाच शहरात गेल्या. सहावी सिग्ने, थीराचीच नात, ती बोडिलकडे आली.

"स्प्रेने माझ्या कपाळावर पुरळ उठतं," ती म्हणाली. "आजी रुसलीय. पण डोकं माझं आहे ना?"

बोडिलने जवस उकळून त्याचा चीक काढला, पोरीचे केस बांधले आणि तिला बंधाऱ्यावर उभं केलं. खारट दमट वाऱ्याने तो चीक सैल केला आणि केस खांद्यावर आले. चीक घट्ट करून पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बोडिल मटकन वाळूत बसली. समोर कोळी जाळी दुरुस्त करत होते. तिचा बापही आयुष्यभर तेच करत आला होता. ती बघत राहिली आणि एकदम उठली.

"सिग्ने, जाळं कुणी कधी चिकटवतं का गं? ते बांधतात!"

कन्फर्मेशनच्या रविवारी सकाळी तिने बोथट सुई घेतली, तागाचा बारीक दोरा ओवला आणि पोरीच्या वेण्या टाक्याटाक्याने शिवल्या. प्रत्येक टाक्याला बापाने शिकवलेली जाळ्याची गाठ मारली. चीक लावला तो फक्त चुकार बटांना.

चर्चचं दार उघडलं आणि वारा टेकडीवर चालून आला. शहरात बांधलेले पाचही अंबाडे झाकण उचलावं तसे अख्खे उचलले गेले आणि एका बाजूला लोंबू लागले. पोरी डोकी धरून आडोशाला पळाल्या. सिग्ने मात्र मोकळ्या मैदानात सरळ उभी होती. तिचा झगा शिडासारखा फुगला, पण वेणीतला एक केस हलला नाही.

थीरा नातीभोवती दोनदा फिरली. बोटाने वेणी दाबून पाहिली, वाकून हुंगली.

"कसलाच वास नाही," ती पुटपुटली. मग सगळ्या गावासमोर मोठ्याने म्हणाली, "बोडिल, मंगळवारी वेळ आहे का? हा काळा रंग उतरव माझा."

"उतरत नाही तो, वाढून जावा लागतो. वर्षभर पट्ट्यापट्ट्यांची मांजर दिसशील."

"दिसेन! गावाला बघायला काहीतरी हवंच की."

टेकडीवर हशा पिकला. आडोशाला पळालेल्या पोरींच्या आया बोडिलभोवती जमल्या, आणि खाली उतरेपर्यंत जूनमधल्या सेंट हान्सच्या होळीपर्यंतचे तिचे सगळे दिवस भरले होते.