चुलतभावाच्या होडीतली बैठक

माझ्या होडीत सुकाणूपाशी एक आडवी फळी होती, तेवढीच बसायची सोय. फळी ठेंगणी, मागे टेकायला काही नाही, आणि उतारू भरले की पुढचं पाणी दिसायचं नाही. मग अर्धवट उठायचं, एका हाताने सुकाणूचा दांडा धरायचा आणि तसंच वाकून खाडी पार करायची. भिवंडीजवळच्या आमच्या गावाहून पलीकडच्या काठापर्यंत दिवसाला सहा-सात खेपा व्हायच्या. लूमवर शिफ्टला जाणारे कामगार, भाजीवाल्या, कधी सुताची बाचकी. ऐंशीनंतरची ती वर्षं. घरी आल्यावर बायको कमरेला तेल चोळायची आणि म्हणायची, ती फळी बदला. मी म्हणायचो, बघू.

धक्क्यावर दोनच होड्या होत्या, माझी आणि माझ्या चुलतभावाची. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि वीतभर उंच. एका सोमवारी तो आला तो नव्या बैठकीवर बसून. उंच, पाठीला हलका कलता टेका, पाय रोवायला खाली तिरकी पाटी. टेक्याच्या कडेला बारीक नक्षी. उतारू हात फिरवून बघत होते. एक भाजीवाली मला म्हणाली, त्याच्यासारखी करून घे की. मी हसलो, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याने मला बसून बघ म्हटलं. मी नको म्हणालो. पुढच्या आठवड्यात तो आईला घेऊन वज्रेश्वरीच्या कुंडावर गेला, तेव्हा धक्क्यावर कोणी नाही असं बघून मी त्याच्या होडीत शिरलो आणि घाईघाईत मांडी घालूनच बसलो. पाठ मोकळी झाल्यासारखी वाटली. ती बैठक चांगली होती याचाच मला राग आला. खिशातून सुतळी काढून मी उंची, रुंदी, टेका, सगळी मापं घेतली, प्रत्येक मापाला एक गाठ मारली, आणि पडघ्याच्या एका सुताराकडून अगदी तशीच बैठक करून घेतली. एसटीच्या टपावर टाकून आणली.

ती माझ्या होडीत बसवली आणि पहिल्याच खेपेला कळलं. माझे पाय पाटीपर्यंत पोचत नव्हते. मांड्या लोंबकळत होत्या, दांडा बरगडीत घुसत होता. तरी मी चार दिवस तसाच बसलो, कारण तो बघत होता. पाचव्या दिवशी मी उतरलो तेव्हा डावा पाय बधिर झाला होता. चुलतभाऊ जवळ आला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"काकांना विचारायचं ना," तो म्हणाला. "माझी त्यांनीच केली."

काका म्हणजे माझे बाबा. लूमची लाकडी कामं करण्यात त्यांचा जन्म गेला होता. नजर अधू झाली आणि एकदा पटाशी अंगठ्यात घुसली, तेव्हा मीच त्यांची हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली होती. आता पुरे, असं मी सांगितलं आणि ते गप्प बसले. मला वाटलं, त्यांना पटलं. रोज दुपारी ते चुलत्याकडे जातात ते गप्पा मारायला, असंच मी धरून चाललो होतो. ते तिथे, पुतण्याने आणून दिलेल्या हत्यारांनी, बैठक करत होते.

दोन दिवस मी बाबांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत स्वतःच धक्क्यावर आले. होडीत उतरायला मी हात दिला, तो त्यांनी घेतला.

"त्याला करून दिलीत," मी म्हणालो.

"तो आला इचारायला. तू न्हाय आलास."

"तुमचे डोळे—"

"डोळ्यांनी कोन करतंय," ते म्हणाले. "बस."

मी बसलो. त्यांनी माझ्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत वीत टाकली, मग कमरेवर, मग खांद्यावर. लहानपणानंतर त्यांनी मला इतका वेळ हात लावला नव्हता.

बैठक त्यांनी चुलत्याच्याच अंगणात केली. माळ्यावरचं पोतं काढून देतो म्हणालो, तर म्हणाले, राहू दे, तिथं सगळं मांडलेलं हाय. खेपा संपल्या की मी बघायला जायचो. चुलतभाऊ फळी धरून बसायचा, दोघांचं काहीतरी चाललेलं असायचं, बाबा हसत असायचे. मी आलो की काम सुरू राहायचं, बोलणं थांबायचं.

माझी बैठक उत्तम झाली. कंबर महिन्याभरात बरी झाली. तिच्यावर नक्षी मात्र नव्हती. मी एकदा विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, तुला घाई होती.

नव्वदनंतर रिक्षा आणि टेम्पो वाढले, उतारू रस्त्याने जाऊ लागले. बाबा तोवर गेले होते. मी आधी होडी विकली, बैठकीसकट. काढून घ्यावी असं मला सुचलंच नाही. चुलतभावाने त्याची वर्षभराने विकली, पण आधी बैठक उचकटून घरी नेली. ती त्याच्या ओटीवर आहे. मी गेलो की तो उठतो आणि तिच्यावर मला बसायला सांगतो. मी खालीच बसतो, आणि तो चहा सांगायला आत गेला की त्या नक्षीवरून अंगठा फिरवतो.