दाब, धर, सोड

खाऱ्या हवेने ह्यांच्या जुन्या गाडीचे ब्रेकचे पाइप गंजले, तेव्हा मुलाने बजावलं, "आई, ब्रेक लागले नाहीत तर गाडी भंगारात." ह्यांच्या माघारी मला तिचीच तर सोबत! म्हणून होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याला अंगणात बोलावलं.

कामात तो तीनच शब्द बोलतो: दाब, धर, सोड. नवे पाइप बसवून तो गाडीखाली शिरला. मी ब्रेक दाबून धरायचा, त्याने खालून पाइपांत अडकलेली हवा काढायची. पण माझं तोंड सुरू झालं की पायाचं भान सुटतं. ह्यांनी ही गाडी वेंगुर्ल्याहून कशी आणली ते सांगताना पाय उचलला गेला, हवा पुन्हा आत. मग बांगड्याच्या भावावरून तेच.

तो रागावला नाही, हे जास्त लागलं. बाहेर आला, हात धुतले, पिशवीतून जत्रेतला दगडासारखा लाडू काढून मला दिला.

"आजये, ह्यो तोंडात धर. चावू नको."

हवा एका दमात निघाली. त्याने आत बसून गाडी अंगणाच्या उतारावर सोडली, ती विहिरीच्या अलीकडे गपकन थांबली. शाबास म्हणायला गेले, तर लाडू अजून विरघळलाच नव्हता.